नाला नव्हे, नदी!

मुंबईच्या लोकलने बोरिवलीहून विरारकडे जाताना दहिसर स्थानक येण्याआधी एक पूल लागतो, तो पाहिलाय तुम्ही? खाली काळं पाणी, काठाला प्लास्टिकच्या पिशव्या. एकदा खिडकीशी बसलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, केवढा मोठा नाला!"

"नाला नाही रे, नदी आहे ती. दहिसर नदी."

"चल, काहीतरीच!" तो हसू लागला. नुसतं सांगून पटेना, तेव्हा ठरवलं, याला नदी दाखवायचीच.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता आम्ही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात हजर झालो. मुंबई आणि ठाण्याच्या गर्दीत जपलेलं हे जंगल सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. मुंबईला पाणी देणारे विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्याच पोटात आहेत. दहिसर नदी निघते ती या तुळशी तलावाच्या बाजूने. तिच्या काठाकाठाने जाणाऱ्या शिलोंडा नावाच्या पायवाटेवर आम्हाला जायचं होतं. इथे मात्र एकट्यादुकट्याने जाता येत नाही. बिबळ्यांचं घर आहे ना हे! आधी नाव नोंदवायचं आणि वाटाड्याबरोबरच निघायचं.

वाटाड्या दादांनी सुरुवातीलाच बजावलं, "आरडाओरडा नको, आणि खाऊचा कागद खिशातच ठेवायचा."

डांबरी रस्ता सोडून आत शिरलो आणि शहराचा आवाज हळूहळू विरून गेला. साग, बांबू, करंज, मधूनच कारवीची झुडपं. ही कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. दोन झाडांच्या मध्ये भलंमोठं जाळं विणून तळहाताएवढी कोळीण बसली होती. भाचा तिच्यात रमला असतानाच दादा म्हणाले, "कान द्या बरं!"

झुळझुळ... झुळझुळ...

झाडीतून बाहेर आलो, तर समोर नदी! काळ्या कातळावरून घरंगळत येणारं पाणी एका डोहात थांबलं होतं. तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. इवले मासे इकडून तिकडे पळत होते. काठावरचा खंड्या निळी रेघ ओढल्यासारखा उडून गेला. भाच्याने हळूच पाण्यात बोटं बुडवली.

"दादा, हेच पाणी त्या पुलाखाली जातं?"

"हेच!"

"पण पाऊस तर थांबला. मग हे येतं कुठून?"

दादांनी काठावरचा पालापाचोळा बाजूला केला. खाली भुसभुशीत, ओलसर माती. पावसाचं पाणी आधी हा पाला झेलतो. मग ते मुळांच्या वाटेने मातीत मुरतं आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं झिरपत नदीला मिळतं. जंगल म्हणजे नदीची बचतपेटीच की!

शहरात काय होतं? सिमेंटवर पडलेलं पाणी मुरणार कुठे? ते सगळं एकदम धावतं. नदीचं पात्रही आपण बांधकामांनी आवळलेलं. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईतल्या नद्या घराघरांत शिरल्या. 'या शहरात नद्या आहेत' हे अनेकांना त्या दिवशी कळलं! दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी अशा चार नद्या. चौघींचा उगम याच डोंगरांत.

दादांनी आणखी एक गंमत सांगितली. मे महिन्यात इथलं पात्र जवळजवळ कोरडं पडतं, डबकी तेवढी उरतात. पण शहरात ती तेव्हाही वाहताना दिसते!

"म्हणजे? उलटंच झालं की!" भाचा म्हणाला.

"ते नदीचं पाणी नसतं बाळा. ते आपल्या गटारांचं पाणी."

ही गंमत ऐकून कोणालाच हसू आलं नाही.

परतताना भाच्याने हट्टच धरला, "नदी कुठे काळी होते, ते मला बघायचंय." मग उद्यानाबाहेर पडून आम्ही तिच्या कडेकडेने चाललो. फार लांब जावंच लागलं नाही. वस्तीतल्या एका पुलावरून वाकून पाहिलं. भिंतीतून एक पाइप नदीत सुटला होता, पलीकडे गोठ्याचं शेण उतरत होतं. सकाळची ती नितळ नदी अवघ्या काही मिनिटांच्या वाटेवर ओळखू येईनाशी झाली होती.

पुलावर एकजण कचऱ्याची पिशवी घेऊन आला. त्याने ती कठड्यावर ठेवली, तसा भाचा पटकन म्हणाला, "काका, नदी आहे ही!"

काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. थोडा वेळ घुटमळले आणि पिशवी उचलून परत गेले.

उद्या ते पुन्हा येतील का? कोण जाणे! पण दोस्तांनो, तुमच्या गावातही असा एखादा 'नाला' असेल. मोठ्या माणसांना बरोबर घ्या आणि त्याच्या उगमाकडे एकदा चालत जा. कदाचित तुम्हालाही तिथे नदी भेटेल.