छावणी आणि गाव

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे ३० किलोमीटर अंतरावर चिरगाव लागते. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाच्या वंशातील बुंदेला ठाकुरांची ही जहागीर. १८४१ मध्ये इंग्रजांनी ती काढून घेतली आणि तेथील किल्ला जमीनदोस्त केला. पुढे १८८६ मध्ये याच गावी मैथिलीशरण गुप्त यांचा जन्म झाला. त्यांच्या पुस्तकांवर ‘साहित्य सदन, चिरगाँव (झाँसी)’ असा पत्ता छापला जाऊ लागला आणि हिंदी वाचणाऱ्या साऱ्या देशाला चिरगावची ओळख झाली. तट गेला, पत्ता राहिला. सैन्याच्या बळावर जे उभे राहते त्यातले किती टिकते आणि कोणामुळे टिकते, हा प्रश्न या परिसरात वारंवार समोर येतो.

झाशीचा किल्ला वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधला. १७२९ मध्ये बाजीराव पेशवे छत्रसालाच्या मदतीला धावून गेले आणि त्यानंतर बुंदेलखंडाचा मोठा भाग मराठ्यांकडे आला. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिकच्या मंदिरातील घंटेमुळे ज्यांचे नाव मराठी बोलण्यात रूढ झाले, तेच हे नारोशंकर. त्यांनी किल्ला वाढवला आणि ओरछ्याहून लोक आणून त्याच्या पायथ्याशी शहर वसवले. फौजेच्या मागोमाग कारकून आले, भटजी, वैद्य आणि आचारी आले. मग त्यांची कुटुंबे आली. मुक्कामासाठी आलेली माणसे हळूहळू रहिवासी झाली.

दोन हजार वर्षांपूर्वी रोमन साम्राज्याच्या दूरदूरच्या प्रांतांत असेच घडले होते. रोमन सैन्याच्या एका लीजनमध्ये सुमारे ५,००० पायदळ असे. एकमेकांना छेदणारे दोन मुख्य रस्ते, चार दरवाजे आणि भोवती तट अशी त्यांच्या छावणीची ठरलेली रचना होती. छावणीच्या वेशीबाहेर लोहार, चांभार, दाणेवाले दुकाने मांडीत. सैनिकांना दीर्घकाळ कायद्याने विवाह करण्याची मुभा नव्हती. तरीही वेशीबाहेर संसार थाटले जात आणि मुले वाढत. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर पुष्कळसे शिपाई मायदेशी न परतता तेथेच राहत. स्पेनमधील लेओन या शहराचे नाव ‘लीजन’ या शब्दावरूनच पडले. इंग्लंडमधील चेस्टर या नावात छावणीचा लॅटिन शब्द दडला आहे, तर जर्मनीतील कोलोन या नावात ‘वसाहत’. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. पुण्यात ‘लष्कर’ आहे आणि ग्वाल्हेरातही ‘लष्कर’ आहे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंदे यांचा तळ जेथे पडला, तेथेच ग्वाल्हेरचे ते शहर उभे राहिले.

राज्यकर्त्यांची नावे शिलालेखांवर असतात. सामान्य माणसांचे जगणे मात्र बहुधा नाहीसे होते. म्हणूनच इंग्लंडच्या उत्तरेकडील विंडोलँडा या रोमन ठाण्यात १९७३ पासून सापडत गेलेल्या लाकडी पत्र्या मोलाच्या ठरल्या. कागदाइतक्या पातळ लाकडावर शाईने लिहिलेली ही पत्रे आहेत. एकात कोणीतरी पाठवलेल्या मोज्यांचा आणि चपलांचा उल्लेख आहे. दुसऱ्यात एका अधिकाऱ्याच्या पत्नीने आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावले आहे. मुख्य मजकूर लेखनिकाचा आहे; पण शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हातच्या लॅटिन लिखाणाचा हा अतिशय जुना नमुना मानला जातो. थंड, परक्या मुलुखात दोन मैत्रिणींना एकमेकींची ओढ वाटत होती, हे त्या चार ओळींमुळे कळते.

झाशीलाही असा एक लेखक लाभला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावरचे कर्ज फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या वेढ्यात झाशीतच अडकले. त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. ते ना सेनापती होते, ना दरबारी. पण त्यांनी लिहिले, म्हणून राणी लक्ष्मीबाईंची झाशी आजही मराठी वाचकाला जवळून दिसते.

भाषेची कथा मात्र दोन्हीकडे सारखी नाही. स्पेनमध्ये रोमन सत्ता शतकानुशतके टिकली. व्यवहारासाठी, कायद्यासाठी लोकांनी लॅटिन आपलीशी केली. साम्राज्य लयाला गेल्यावरही शिपाई, व्यापारी यांच्या बोलीतील लॅटिन बाजारात आणि घराघरांत उरली. तिचीच पुढे स्पॅनिश झाली. झाशीत मराठी सत्ता जेमतेम शंभर वर्षे राहिली. तेथे रस्त्यावर बुंदेली आणि हिंदीच चालली. मराठी उंबरठ्याच्या आत राहिली. त्या घरांमधून ती टिकली असेल तर फर्मानामुळे नव्हे. आईने मुलाला मराठीत हाक मारली, आजीने मराठीत गोष्ट सांगितली, दूरच्या नातेवाइकांना कोणी मराठीत पत्र लिहिले, म्हणून ती टिकली. ज्या घरात हे थांबले, तेथे एक-दोन पिढ्यांत केवळ आडनाव मराठी उरते.

परप्रांतात जाणे आजही थांबलेले नाही. पूर्वी माणसे फौजेमागून जात, आज ती कारखान्यामागून आणि बांधकामामागून जातात. त्यांच्या वस्त्यांतूनच उद्याची शहरे घडत असतात. त्यांनी काय सोसले, काय रांधले, कोणाची आठवण काढली, हे त्यांच्याखेरीज दुसरे कोणी लिहून ठेवणार नाही. मोज्यांविषयीचे ते पत्र लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची कल्पनाही नव्हती. त्याने फक्त घरचे काम म्हणून चार ओळी लिहिल्या होत्या.