न पाहिलेल्या सिनेमांची वर्गणी

वर्गणी म्हटली की आम्हा बेळगावकरांना आधी गणपती आठवतो. गल्लीतील मुले पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतात. बाबा त्यांच्याशी थोडी घासाघीस करतात, पावती नीट वाचतात आणि मगच खिशात हात घालतात. समोर माणूस असतो, म्हणून घासाघीस करता येते. पण मी भरलेली एक वर्गणी अशी होती, की ती वसूल करायला दारात कोणी आलेच नाही.

झाले ते असे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना एका सिनेमाच्या वेडापायी मी एका ओटीटी सेवेची वर्षाची वर्गणी भरली. रुपये १४९९. सुट्टीत दुकानात काम करून पैसे मिळवलेले होते, त्यामुळे कोणाला विचारावेसे वाटले नाही. माझे खाते नव्हते म्हणून रोख रक्कम बाबांच्या हातात दिली आणि त्यांच्या फोनवरून पैसे भरले. 'मुदत संपल्यावर आपोआप चालू ठेवावे काय?' या प्रश्नाला न वाचताच 'हो' म्हटले. तो सिनेमा पाहिला, आणखी चार-दोन पाहिले, आणि विसरून गेलो.

बाबा वडगावात यंत्रमागावर काम करतात. वर्षभराने एका संध्याकाळी ते फोन घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, ''हे इंग्रजीत काय आलंय, बघ रे जरा.'' माझ्या कानात इअरफोन होते, डोळ्यांसमोर मालिका होती. मान वर न करता मी म्हणालो, ''जाहिरात असेल हो, बाबा.'' ते बिचारे गप्प बसले.

ती जाहिरात नव्हती. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून असा नियम केला आहे, की आपोआप पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास ग्राहकाला निरोप गेला पाहिजे. तो निरोप वेळेवर आला होता. वाचणारा मात्र जागेवर नव्हता. १५००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला पुन्हा ओटीपी लागत नाही, ही मर्यादा २०२२ च्या जूनमध्ये वाढविण्यात आली आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी १४९९ रुपये मुकाट्याने गेले. आणि तिसऱ्या दिवशी माझी परीक्षा फी भरायची शेवटची तारीख होती!

बाबांनी मालकाकडून उचल घेतली. मला एका शब्दाने बोलले नाहीत. रात्री खिशातली हिशेबाची वही काढून त्यांनी लिहिले, 'मोबाइल, सिनेमा – १४९९.' वरच्या ओळीत आजीच्या औषधाचे पैसे होते, खालच्या ओळीत घेतलेली उचल. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे त्या रात्री वाटले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कट्ट्यावर माझ्या कन्नड भाषिक मित्राला हे सांगितले. त्याने निमूटपणे माझ्या हातातला फोन घेतला, यूपीआयच्या ॲपमधील 'ऑटोपे'चे पान उघडले आणि पुढे धरला. तोपर्यंत माझेही खाते निघाले होते आणि त्यावर अशा दोन वर्गण्या चालू होत्या! एक गाण्यांची, एक कसल्याशा खेळाची. मग त्याच्या फोनवर पाहिले, तर तिथेही एक. आम्ही दोघे वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. ताळेबंद जुळवायला शिकतो आणि स्वतःच्या खात्याला असलेले भोक आम्हाला दिसत नाही!

पूर्वी आम्ही पाच जण एकाच्या भावाच्या नेटफ्लिक्स खात्यावर सिनेमे पाहत असू. २०२३ च्या जुलैमध्ये कंपनीने 'एक खाते, एक घर' हा नियम भारतात लागू केला आणि ते बंद झाले. तेव्हा आम्ही फार चडफडलो. खरे म्हणजे ती काटकसर नव्हतीच, दुसऱ्याच्या ताटात जेवणे होते.

आता आम्ही आमच्या आयांकडून धडा घेतला आहे. भिशीत सगळ्यांचा नंबर एकदम लागत नाही. तसेच एका वेळी एकच सेवा, तीही महिन्याची. पाहायचे ते वहीत लिहून ठेवायचे आणि यादी मोठी झाली की महिनाभराचे पैसे भरायचे. भरले त्याच दिवशी 'रद्द करा' हे बटण दाबायचे. बहुतेक सेवा भरलेला महिना संपेपर्यंत चालूच राहतात, म्हणजे नुकसान काही नाही, आणि विसरण्याची भीतीही नाही.

हिशेबच मांडतो. २०२१ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सने आपले मासिक दर १४९, १९९, ४९९ आणि ६४९ असे केले. १४९ वाला प्रकार फक्त मोबाइल आणि टॅबसाठी. १९९ मध्ये टीव्हीवरही दिसते. आमच्या घरच्या लहानशा टीव्हीला ६४९ चे अतिस्पष्ट चित्र काय करायचे आहे? वर्षभर ६४९ भरले तर ७७८८ रुपये होतात. वर्षातून तीनच महिने १९९ भरले तर ५९७. आणि परीक्षेच्या महिन्यात काहीच न भरणे, हा तर दुहेरी फायदा!

फुकटचेही पुष्कळ आहे. प्रसार भारतीचे 'वेव्हज' २० नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या गोव्यात, इफ्फीच्या उद्घाटनात सुरू झाले. त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत. आजीसाठी ते उतरवून दिले, तेव्हा तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या दिवसांत मी तिला काय पाहायला आवडते, हे विचारलेच नव्हते.

१४९ ऐवजी १९९ घेतल्याचा आणखी एक परिणाम झाला. मी एकटा कोपऱ्यात पाहायचो, ते आता शनिवारी रात्री सगळे मिळून पाहतो. कधी तो मित्रही येतो. मागे एक कन्नड सिनेमा लावला. मला खालची इंग्रजी अक्षरे वाचावी लागत होती. बाजारात जन्मभर कन्नड बोललेली आजी मात्र माझ्या आधी हसत होती. मित्र म्हणाला, ''अज्जीला विचार ना अर्थ!''

परवा बाबा पुन्हा फोन घेऊन आले. ''हे काय आलंय, बघ रे.'' मी इअरफोन काढले, फोन हातात घेतला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून त्यांना मराठीत सांगितले.

या वेळी ती खरोखरच जाहिरात होती.