खुंटीवरचा डबा

मु. पो. राहुरी, जि. अहिल्यानगर

चि. सोनू,


परवा व्हिडिओ कॉलवर तू मित्रांबरोबर घेतलेली जुनी लाकडी होडी दाखवलीस आणि मध्येच विचारलंस, "मामा, मागं खुंटीला तो गंजका डबा कशाला टांगलाय?" ताई शेजारी बसली होती, म्हणून मी विषय टाळला. पण त्या डब्याची गोष्ट तू होडी समुद्रात न्यायच्या आधीच तुला कळली पाहिजे.

तेव्हा मी विशी-बाविशीतला. राहुरीत शेतपंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचो. पाण्याची ओळख म्हणावी तर मुळा धरणाची. बारागाव नांदूरच्या बाजूनं जलाशयात भोयांबरोबर मासे धरायला जायचो आणि आपल्याला पाणी कळतं असं मानून चालायचो. पण 26 टीएमसीचं असलं तरी ते पाणी धरणाचं. ते दर सहा तासांनी दिशा बदलत नाही.

आयटीआयमधला माझा जोडीदार रेवदंड्याकडचा, कोळीवाड्यातला. त्याच्या काकांनी एक जुनी होडी स्वस्तात घेतली होती. तिचं एका सिलिंडरचं इंजिन चालू होईना, म्हणून शिमग्याला मला बोलावलं. इंजिन आपल्या पंपाच्याच जातीचं निघालं. दोन दिवसांत मी ते चालू केलं.

होडी मात्र दोन पावसाळे वाळूवर पडून होती. लाकूड सुकलं की फळ्यांच्या सांध्यांना फट पडते. काकांनी सांध्यांत कापूस ठोकून बाहेरून मुशीचं तेल चोपडलं होतं. त्यांचं म्हणणं होतं, होडी आठ दिवस खाडीत उभी राहू दे, लाकूड पाणी पिऊन फुगलं की फटी मिटतील. मला कामावर परतायची घाई होती. चौथ्याच दिवशी मी हट्ट धरला, की निदान एक चक्कर मारून इंजिन बघू.

तो धुळवडीचा दिवस. बाकी सगळ्या होड्या किनाऱ्याला. काकांनी बोटांवर हिशेब केला. तिकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. वद्य प्रतिपदा म्हणजे एक, त्याची पाऊणपट पाऊण. तेव्हा पाऊण वाजता पूर्ण भरती. तेवढ्यात आत यायचं, असं ठरवून दहाला निघालो. रेवदंड्याचा किल्ला आणि कोर्लईचा डोंगर यांच्यामधून कुंडलिका समुद्राला मिळते. त्या मुखातून आम्ही इतके सहज बाहेर पडलो की मला वाटलं, एवढंच असतं.

बाराच्या सुमारास इंजिन गचके खात बंद पडलं. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ होता. खाडीत उभ्या होडीत तो बसून राहिला होता, बाहेरच्या लाटांनी टाकी घुसळली आणि सगळा गाळ फिल्टरमध्ये आला. मी टाकी उघडून बघितलीच नव्हती. फिल्टर शर्टाच्या बाहीनं पुसला, नळीतली हवा काढली, इंजिन चालू केलं, ते परत बंद पडलं. असं चार वेळा. पाचव्यांदा इंजिन टिकलं तेव्हा तीन वाजून गेले होते. किनारा समोर, देवळाचा कळस दिसत होता.

मुखाशी आलो आणि माझी वाचाच बसली. ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर येत होतं, दुपारचा खारा वारा समुद्राकडून आत लोटत होता, आणि दोन्ही भिडत होते तिथं लाटा भिंतीसारख्या उभ्या राहून कोसळत होत्या. सकाळचीच ती वाट. मी म्हणालो, इंजिन जोरात आहे, घुसू या. काकांनी होडी फिरवली, मुखापासून लांब नांगर टाकला आणि म्हणाले, "पानी फिरू दे, मंग जाव."

पाणी फिरायला सात वाजणार होते. तोवर सुकलेल्या सांध्यांतून होडीत पाणी येत राहिलं. तेलाचा पत्र्याचा डबा तिरका कापून, कडा आत ठोकून, त्याला हातभर दोरी बांधलेली होती. दोरीचं दुसरं टोक होडीच्या आडव्या फळीला. तो डबा आम्ही तिघांनी आळीपाळीनं चार तास चालवला. एकदा तो माझ्या हातून सुटून बाहेर पडला. दोरी होती म्हणून परत आला. अंधार पडला, वारा मंदावला, कोर्लईच्या मागून प्रतिपदेचा चंद्र वर आला. भरती लागल्यावरही काकांनी मुखात पुरेसं पाणी चढेपर्यंत आणखी तासभर थांबवलं. मग त्याच वाटेनं आम्ही आत आलो, एक लाटही अंगावर न घेता.

निघताना काकांनी तो डबा माझ्या पिशवीत घातला. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तू राहतोस त्या हॅलिफॅक्सची भरती फार मोठी नसेल, पण तुमच्याच प्रांताच्या पलीकडच्या अंगाला फंडीचा उपसागर आहे, तिथं पाणी 16 मीटरपर्यंत चढतं. होडी तिकडे नेऊ नकोस. भरतीचा तक्ता बघून परतायची वेळ आधी ठरव, मग निघायची. आकाश निरभ्र आहे एवढ्यावर जाऊ नकोस. 2009 च्या नोव्हेंबरात, पावसाळा सरल्यावर, फयान वादळानं कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं नेली. तुमच्याकडचं पाणी मे महिन्यातही बर्फासारखं असतं, तेव्हा लाइफ जॅकेट अंगात घालूनच बस, फळीखाली ठेवू नकोस. आणि टाकी पूर्ण रिकामी करून आतून धू. हे मी मेकॅनिक म्हणून सांगतोय.

होडी पाण्यात सोडून किती दिवस झाले, रात्रीत किती पाणी आत येतं, ते मोजून मला कळव. डबा पाठवला असता, पण त्याचा पत्रा आता बोटानं तुटतो. तिथंच एखादा काप, कडा आत ठोक आणि दोरी विसरू नकोस.

तुझा,
मामा