लांबलेले जेवण

जेवण लांबणे हा आमच्या लहानपणी दोष समजला जाई. पानावर बसावे, चित्राहुती घालाव्यात, मुकाट्याने जेवावे आणि उठावे, अशी घरची शिस्त होती. अन्नाविषयी बोलावयाचेच झाले तर पुरणाला वेलदोडा कमी पडला एवढ्यापुरते, आणि तेही वडिलांनी. एखादा घोट तोंडात धरून त्याच्या वासाची चर्चा करीत चार-चार तास बसून राहता येते, हे आम्हांस केस पिकू लागल्यावर कळले. आणि ते कळले द्राक्षांच्या मद्यामुळे. या शब्दानेच ज्या वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील त्यांस एवढेच सांगतो की, हे लिहिणे मद्याच्या स्तुतीसाठी नाही. ते एका मित्रासंबंधी आहे, आणि थोडेसे आमच्या स्वतःच्या भित्रेपणासंबंधी.

आम्ही चौघे शाळासोबती. एक वकील, एक डॉक्टर, एक नाशिककर आणि चौथे आम्ही. वकिलांचे वडिलोपार्जित घर गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे आहे. समुद्राला लागून महादेवाचे देऊळ, भोवती नारळाच्या वाड्या, आणि त्यांतल्याच एका वाडीत हे कौलारू घर. शाळेत असताना मे महिन्याची सुट्टी आम्ही तेथेच काढीत असू. पुढे संसार झाले, व्यवसाय झाले, तरी हापूस उतरू लागला म्हणजे दोन दिवस तेथे जमावयाचे, हा परिपाठ आम्ही बरीच वर्षे पाळला. जेवण शेजारच्या खाणावळीतून येते. खाणावळीच्या काकू सत्तरीच्या आहेत. डबे पाठवून त्यांचे समाधान होत नाही, म्हणून त्या स्वतः वाढावयास येतात.

आमचे नाशिककर मित्र वाइन करण्याच्या धंद्यात होते. हा धंदा आपल्याकडे तसा नवा. 1980 नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावास त्याचा पाया घातला. पुढे राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या परिसरात द्राक्षे लावली व 2000 साली त्यांची पहिली वाइन निघाली. 2001 साली राज्य सरकारने या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्या वाऱ्यात आमचे मित्र सापडले आणि तेथेच रमले. त्यांच्याकडून आम्हांस कितीतरी गोष्टी कळल्या. आपल्या हवेत द्राक्षवेल विश्रांती घेतच नाही, म्हणून तिची वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळा सरतासरता गोडी बहाराची. तांबड्या वाइनचा रंग रसाचा नसून सालीचा असतो. आणि जिभेला आवळा खाल्ल्यासारखा जो तुरटपणा लागतो तो साली व बिया यांतून उतरतो. मात्र त्यांचे खरे भांडवल नाक होते. पेला फिरवून ते एकदा हुंगीत व क्षणभर डोळे मिटीत. मग द्राक्षाची जात, साल आणि कधीकधी उतारसुद्धा सांगत. आम्ही थक्क होत असू.

मध्यंतरी चार वर्षे ते वेळणेश्वरास आलेच नाहीत. कधी काम, कधी प्रकृती, अशी कारणे पत्रातून येत. गेल्या वर्षी मात्र वैशाखात ते आले, आणि येताना तीन बाटल्या घेऊन आले. एक पांढऱ्या शेनिनची आणि दोन तांबड्या शिराझच्या. शिराझ त्यांनी स्वतः केलेली व बारा वर्षे जपून ठेवलेली होती.

दिवेलागणीला ओटीवर पाने मांडली. ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, कुळथाचे पिठले, मऊभात आणि सोलकढी, असा बेत होता. समुद्राला भरती होती; वाडीपलीकडून तिचा आवाज येत होता. शेनिन प्रथम निघाली. काजूगरांच्या उसळीबरोबर ती इतकी जुळली की, डॉक्टरांनी दोन वेळा पेला पुढे केला. आमच्या मित्रांनी कौटिल्याची आठवण काढली. अर्थशास्त्रात द्राक्षांच्या मद्याला 'मधु' म्हटले आहे, आणि कापिशायन व हारहूरक अशी त्याची नावे त्याच्या देशावरूनच दिली आहेत. तेव्हा गावाच्या नावावर वाइन ओळखण्याची रीत आपल्याला परकी नाही, असे त्यांचे म्हणणे. वकिलांनी समुद्राकडे बोट दाखवून त्यात भर घातली की, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणांत भडोचला इटलीची वाइन विशेष चाले असे लिहिलेले आहे, आणि भडोचहून मलबारकडे जाणारी गलबते याच किनाऱ्याने जात. जेवण अशा रीतीने आनंदात लांबत चालले होते.

मग शिराझचे बूच निघाले. मित्रांनी पेला दिव्यासमोर धरून रंग दाखविला, फिरविला, हुंगला, डोळे मिटले, आणि ते बोलू लागले. काळी मिरी, जांभूळ, जरासा धूर, तळाशी चंदनासारखे काही. बोलणे नेहमीप्रमाणे रंगले. आम्ही पेला नाकाशी नेला. आम्हांस मिरी आली नाही, जांभूळ आले नाही. आला तो एक ओलसर, कोंदट वास. दुसऱ्यांदा हुंगले, तोच वास. आम्ही डॉक्टरांकडे पाहिले. ते मान डोलावीत होते. वकिलांकडे पाहिले, ते "मिरी तर स्पष्टच आहे" असे म्हणत होते. तेव्हा आम्हीही घोट घेतला आणि म्हणालो, "चंदन छान उतरले आहे."

हे वाक्य येथे लिहिताना आम्हांस लाज वाटते, पण ते आम्ही बोललो खरे. ज्ञानी मनुष्य एखादी गोष्ट आहे म्हणतो आणि आपल्याला ती दिसत नाही, तेव्हा आपण आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवितो. आणि त्याला विनय असे गोड नाव देतो. गाण्याच्या बैठकीत आणि चित्रांच्या प्रदर्शनात हा विनय आम्ही पुष्कळ वेळा केला आहे. त्या रात्री तो जेवणाच्या पानावर केला.

काकू सोलकढी वाढावयास आल्या. आमच्या पानाजवळ वाकल्या, आणि भांडे तसेच हातात धरून थबकल्या.

"हे गोणपाट कुठून आलं इथे?"

"कसलं गोणपाट, काकू?" वकिलांनी विचारले.

"अहो, माळ्यावर पावसाळाभर राहिलेल्या गोणपाटाला येतो ना, तसला वास मारतोय. त्या पेल्यातून येतोय."

कोणी काही बोलेना. आम्ही पेला पुन्हा हुंगला. गोणपाट! अगदी तेच. आता दुसरे काही येईचना. डॉक्टरांनी पेला हळूच खाली ठेवला. आम्ही मित्रांकडे पाहिले, तेव्हा ते आमच्याकडे पाहत नव्हते. पानाकडे पाहत होते.

"म्हणजे बुचाचा दोष," ते शेवटी म्हणाले. "बुचात बुरशी शिरली की असा वास धरतो. या धंद्यातल्या उमेदवारालाही पहिल्या महिन्यात ओळखता येतो." थोडे थांबून म्हणाले, "मला आला नाही. मला काहीच येत नाही."

2021 साली, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्यांचा वास गेला होता. तापातून उठले, पण वास परत आला नाही. काही दिवस तर कॉफी जळल्यासारखी व कांदा कुजल्यासारखा वाटे; मग तेही थांबले. डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले की, जिभेला कळतात ते गोड, आंबट, खारट, कडू असे मोजके स्वाद. बाकी आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात चढणारा वासच असतो. म्हणून आमच्या मित्राला हापूस नुसता गोड लागे आणि आंबेमोहोराचा भात नुसता मऊ. इलाज म्हणून गुलाब, लिंबू, लवंग व निलगिरी अशा चार कुप्या सकाळ-संध्याकाळ हुंगावयास दिलेल्या असतात. त्या ते तीन वर्षे हुंगीत होते. नोकरी त्यांनी प्रकृतीचे कारण सांगून सोडली होती. आणि हे आम्हां तिघांपासून, त्यांतल्या एका डॉक्टरपासूनसुद्धा, लपविले होते.

"अरे, मला का नाही सांगितलंस?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही मला त्या नाकाने ओळखता," ते म्हणाले. "रंग पाहून आणि जुन्या आठवणीवर बोलत होतो. ही वाइन मी केली होती. ती कशी असायला हवी ते मला पाठ आहे. तुम्ही सगळे हो म्हणालात, तेव्हा वाटलं, चाललं."

'तुम्ही सगळे हो म्हणालात' हे शब्द त्यांनी दोष देण्याकरिता उच्चारले नव्हते. पण ते आम्हांस लागले. ते खोटे बोलले ते आपले सर्वस्व गेले हे कळू नये म्हणून. आम्ही का बोललो? आमचे तर काहीच जाणार नव्हते. आम्ही तिघांपैकी एकानेही "मला कोंदट वास येतो आहे" एवढे सरळ म्हटले असते, तर त्या मनुष्याला चार वर्षांच्या एकांतातून बाहेर येण्यास काकूंच्या सोलकढीची वाट पाहावी लागली नसती. आम्ही त्यांचा मान राखला असे आम्हांस वाटत होते. वास्तविक आम्ही त्यांना एकटे टाकले होते.

दुसरी बाटली वकिलांनी उघडली. मित्र म्हणाले, "आता मिरी आणि चंदन नको. ते माझे शब्द, आणि तेही निम्मे पुस्तकातले. तुम्हांला काय येतंय ते तुमच्या शब्दांत सांगा. मला तुमच्या नाकाने पिऊ द्या."

ही परीक्षा आम्हांस वाटली त्यापेक्षा कठीण निघाली. वास येत होता, चांगला येत होता, पण शब्द येत नव्हता. डॉक्टर "गोडसर" म्हणाले. वकील "गोडसर, पण आंबट" म्हणाले. आणि आम्ही, लेखणीवर पोट भरणारे, गप्प बसलो. तेव्हा मित्रांनीच काकूंपुढे पेला धरला.

"मी घेणार नाही हो."

"घेऊ नका, काकू. नुसता वास सांगा."

"वास घ्यायला काय जातं!" असे म्हणून त्यांनी पदर सावरला, पेला हुंगला, अंगणाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "रातांब्याची सालं वाळत घातली ना, की दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना अंगणाला येतो तसा."

ज्यांस कोकण ठाऊक आहे त्यांस हे समजावून सांगणे नको. पिकलेला रातांबा फोडून साले वेगळी करतात, मीठ घातलेल्या त्याच्या रसात ती पुन्हा पुन्हा भिजवितात व उन्हात वाळवितात. तेव्हा कोठे त्यांचे आमसूल होते. त्या दिवसांत अंगणाला आंबट, गोड, किंचित आंबूस असा एक वास असतो. लहानपणी आम्ही चौघांनी त्याच अंगणात साले पालथी करण्याचे काम केले होते, आणि संध्याकाळी हात लाल झाले म्हणून एकमेकांना दाखविले होते.

मित्रांनी पेला हातात घेतला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वास आला नाही. पण कुठला ते कळलं." आणि त्यांनी घोट घेतला.

त्यानंतर जेवण मध्यरात्रीपर्यंत चालले. पिठल्यातल्या लसणीपासून आंब्याच्या देठापर्यंत प्रत्येक वस्तूचा वास आम्ही त्यांना सांगितला; जो येत नव्हता तो येत नाही असेही सांगितले. आमच्या आयुष्यातले सर्वांत लांबलेले आणि सर्वांत कमी ढोंगाचे जेवण तेच.

सकाळी काकूंनी रिकाम्या बाटल्या आगळासाठी मागून नेल्या; त्यांपैकी गोणपाटाची बाटली त्यांनी दोनदा उकळत्या पाण्याने धुतलेली आम्ही पाहिली. आषाढात त्यांतली एक, आगळाने भरलेली, नाशिकला पोहोचली. मित्रांचे पत्र आले: आंबट लागले, खारट लागले, बाकी अजून नाही. चारही कुप्यांच्या शेजारी आता ही पाचवी ठेवली आहे. पुढे काही आले की नाही, हे आम्ही त्यांना विचारीत नाही. आले तर ते सांगतील. आणि न आले तरी सांगतील, अशी आता आमची खात्री आहे.