लॉग किती वाजता कापायचा

नव्या सर्व्हरची जबाबदारी अंगावर आली की प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याही आधी मी एक गोष्ट पाहतो: इथला लॉग किती वाजता कापला जातो, आणि ती वेळ कोणी ठरवली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधून सापडतं. दुसऱ्याचं बहुतेक ठिकाणी नसतंच, कारण वेळ कोणी ठरवलेली नसते. ती सॉफ्टवेअरबरोबर आलेली असते. जुन्या डेबियनवर रोजची कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुरू व्हायची, म्हणून तिथले लॉग तेव्हा फिरायचे. रेड हॅटच्या घराण्यात ॲनाक्रॉन हेच काम पहाटे तीननंतर, थोडा मागेपुढे उशीर धरून काढतं. आताच्या सिस्टमडी टायमरवर मध्यरात्र धरलेली असते. या वेळा ठरवणाऱ्यांनी विचार केलाच असेल, पण त्यांच्यासमोर आपलं काम नव्हतं.

आयटीबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. चालू असलेला प्रोग्रॅम जे जे करतो ते ओळीमागून ओळ एका फाइलीत लिहून ठेवतो: कोण लॉगिन झालं, कोणता व्यवहार झाला, कुठे काय अडलं. पतपेढीत रोजमेळ बंद करून दुसऱ्या दिवशी नवं पान उघडतात, तशी ही फाइलही ठरावीक वेळी बंद करून नवी उघडावी लागते. ते केलं नाही तर फाइल फुगत जाते, डिस्क भरते, डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही आणि काम ठप्प होतं. या भीतीपोटीच सगळे लॉग रोटेशन लावतात, आणि डिस्क भरली नाही की विषय संपला असं समजतात. मला ते पुरेसं वाटत नाही. लॉग कापायचा तो उद्या-परवा, बहुधा रात्री-अपरात्री, त्यात काहीतरी शोधणाऱ्या माणसासाठी. त्याला हवी ती घटना एका फाइलीत, सलग, पटकन सापडेल अशी मिळाली पाहिजे. वेळ निवडायची ती या हिशेबाने.

हे मला नीट उमगलं ते एका सहकारी बँकेच्या कामात. तिथल्या ईडीपी विभागातले एक ज्येष्ठ अधिकारी पहिल्याच भेटीत म्हणाले, ‘‘अहो, आमचा दिवस बाराला संपत नाही. डे-एंड झाला की संपतो.’’ शाखांचे व्यवहार बंद झाले, व्हाउचर पास झाले, क्लिअरिंग उरकलं की डे-एंड लागतो: व्याजाची आकारणी, स्थायी सूचना, शिल्लक जुळवणी. रात्री अकराच्या पुढे सुरू होऊन तो दीड-दोनपर्यंत चालायचा, आणि ॲप्लिकेशनचा लॉग मात्र बरोबर बाराच्या ठोक्याला कापला जायचा. एकाच बॅचचा पूर्वार्ध एका फाइलीत, उत्तरार्ध दुसऱ्या. एखाद्या खात्यावर व्याज चुकीचं पडलं की शोधणाऱ्याला दोन फाइली शेजारी उघडून बसावं लागे, आणि त्यातली एक तोवर जीझिप होऊन गेलेली असे. आम्ही कापण्याची वेळ पहाटे साडेचारवर नेली. कामकाजाचा एक दिवस एका फाइलीत आला. ३१ मार्चला डे-एंड सकाळपर्यंत लांबतो, तेव्हा त्या रात्रीपुरतं वेळापत्रक थांबवून डे-एंडच्या शेवटच्या पायरीलाच कापणी जोडली.

साडेचार ही वेळ सगळ्यांना चालेल असं नाही. दूध संकलनाचं सॉफ्टवेअर घ्या. गावोगावच्या केंद्रांवर पहाटेपासून कॅन येऊ लागतात. वजन, फॅट, एसएनएफ यांच्या नोंदी धडाधड पडत असतात. तिथे पहाट म्हणजे ऐन गर्दी. आणि नेमकी तिथेच एक जुनी अडचण दडलेली असते. अपाची वेब सर्व्हरसोबत रोटेटलॉग्ज नावाचा छोटा प्रोग्रॅम येतो. त्याला ८६४०० सेकंद हा आकडा दिला की तो दर चोवीस तासांनी नवी फाइल उघडतो. पण ते चोवीस तास तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून मोजतो. आपलं घड्याळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे त्याची फाइल सकाळी साडेपाचला बदलते. सकाळच्या संकलनाचे दोन तुकडे होतात. उपाय साधा आहे: स्थानिक वेळ पाळायचा पर्याय द्यायचा, नाहीतर ३३० मिनिटांचा फरक लिहायचा. मात्र तो उपाय करायला आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं की हे ‘साडेपाच’ येतं कुठून.

अमेरिकेतल्या ग्राहकांचं काम पुण्यातून पाहणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. तिथे मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनचे एकदम तीन होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक ते दोन हा तास दोनदा येतो. अडीचला लावलेली कापणी त्या मार्चच्या रात्री कुठे बसवायची, याची प्रत्येक शेड्यूलरची रीत वेगळी. अशा ठिकाणी मी एक ते तीन ही वेळ टाळतोच.

आता वेळ ठरली तरी त्या वेळेला नेमकं काय घडतं ते पाहिलं पाहिजे, आणि ही या कामातली मला सगळ्यात आवडणारी जागा आहे. कामावर नव्याने आलेल्या मुलामुलींना मी हे तोंडी सांगत नाही, समोर बसवून करून दाखवतो. चालू लॉगफाइलीचा आयनोड क्रमांक, म्हणजे डिस्कवरची तिची खरी ओळख, पाहायचा. मग फाइलीचं नाव बदलून मागे ‘.१’ लावायचं. पुन्हा क्रमांक पाहायचा: तोच. नाव बदललं, फाइल तीच राहिली. प्रोग्रॅमने फाइल नावाने धरलेली नसते. एकदा उघडताना नाव वापरलं, त्यानंतर हातात असतो तो डिस्क्रिप्टर. म्हणून नाव बदलल्यावरही प्रोग्रॅम ‘.१’ मध्येच लिहीत राहतो आणि जुन्या नावाने काढलेली नवी कोरी फाइल रिकामी पडून राहते. मुलांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य पाहण्यासारखं असतं. प्रोग्रॅमला कोणीतरी सांगावं लागतं की जुनी सोड, नवी उघड. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला त्यासाठी यूएसआर१ हा सिग्नल पाठवतात. लिनक्सवर लॉग फिरवणारा नेहमीचा प्रोग्रॅम म्हणजे लॉगरोटेट; त्यात हे काम पोस्टरोटेट या भागात लिहायचं असतं, आणि तो भाग विसरला की सगळं वेळापत्रक फुकट जातं.

याचंच दुसरं रूप जास्त त्रासदायक. घाईत कोणीतरी भली मोठी लॉगफाइल डिलीट करतं आणि जागा काही मोकळी होत नाही. डिस्कची जागा सांगणारा डीएफ सांगतो डिस्क शंभर टक्के भरली, फाइलींची बेरीज करणारा डीयू म्हणतो इथे तर फारसं काही नाही. दोघेही खरं बोलत असतात. फाइलीचं नाव गेलं, पण प्रोग्रॅमने ती उघडी धरली आहे, म्हणून जागा अडलेलीच आहे. उघड्या फाइलींची यादी देणारा एलएसओएफ चालवला की त्या ओळीपुढे ‘डिलीटेड’ असा शब्द दिसतो. प्रोग्रॅमने फाइल सोडली किंवा तो बंद झाला की जागा परत मिळते.

ज्या प्रोग्रॅमला सिग्नल कळतच नाही, त्यासाठी कॉपीट्रंकेट आहे: फाइलीची प्रत काढायची आणि मूळ फाइल जागच्या जागी रिकामी करायची. प्रत काढणं आणि रिकामी करणं यांच्यामध्ये जो क्षण जातो, त्यात लिहिल्या गेलेल्या ओळी हरवू शकतात. लॉगरोटेटच्या माहितीपानातच हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चाचणीच्या सर्व्हरवर मी कॉपीट्रंकेट चालवून घेतो. पैशाच्या व्यवहारांच्या लॉगला तो लावू देत नाही, मग कोणी कितीही सोयीचं म्हणो.

ॲप्लिकेशनच्या आतून रोटेशन लावणारेही पुष्कळ. पायथनमध्ये, जावाच्या लॉगबॅकमध्ये त्याची सोय तयार मिळते. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: फाइल बदलते ती घड्याळाने नव्हे, ठरलेल्या वेळेनंतरची पहिली ओळ आली की. रविवारी प्रोग्रॅमने एकही ओळ लिहिली नाही तर शनिवारची फाइल सोमवारी सकाळपर्यंत तशीच राहते, आणि बाराच्या पुढे ती उचलून बॅकअपला न्यायला आलेल्या स्क्रिप्टला काही मिळत नाही. पायथनमध्ये ‘दिवस’ आणि ‘मिडनाइट’ असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्यात चोवीस तास मोजले जातात आणि प्रोग्रॅम रीस्टार्ट झाला की कापण्याची वेळ सरकते. दुसऱ्यात मध्यरात्र पक्की राहते. शिवाय एकाच फाइलीत अनेक प्रोसेस लिहीत असतील तर हे काम ॲप्लिकेशनकडे ठेवूच नये. एक प्रोसेस फाइल फिरवते, बाकीच्यांना पत्ता नसतो, आणि ओळी भलत्या फाइलीत जातात किंवा नाहीशा होतात.

नुसत्या वेळेवर भिस्त ठेवणंही बरोबर नाही. एखाद्या बिघाडात प्रोग्रॅम तीच एरर सेकंदाला शेकडो वेळा लिहू लागतो आणि पहाटेची कापणी यायच्या आत डिस्क भरते. म्हणून वेळेच्या जोडीला मॅक्ससाइझ, म्हणजे फाइलीच्या आकाराची मर्यादा, हवं. पण लॉगरोटेट दिवसातून एकदाच चालत असेल तर ही मर्यादाही दिवसातून एकदाच तपासली जाते. त्याला तासातासाने चालवा, तरच तिचा उपयोग. मग एका दिवसात दोन फाइली निघू शकतात, आणि नावात फक्त तारीख असेल तर दुसऱ्या वेळी त्या नावाची फाइल आधीच आहे म्हणून कापणी टळते. नावात तासही घालावा.

नावाचं आणखी एक. तारखेचं शेपूट कापण्याच्या दिवसाचं असतं, आतल्या नोंदींचं नव्हे. १ एप्रिलला कापलेल्या फाइलीवर १ एप्रिल असं नाव आणि आत सगळा ३१ मार्च. लेखापरीक्षकासमोर यावरून गोंधळ झालेला मी पाहिला आहे. लॉगरोटेटमध्ये आदल्या दिवसाची तारीख लावायचा पर्याय आहे; बँकेत मी तो लावलाच असं समजा. ‘.१’, ‘.२’ अशी आकड्यांची नावं तर मला अजिबात पसंत नाहीत, कारण आज ‘.३’ असलेली फाइल उद्या ‘.४’ होते आणि अहवालात लिहून ठेवलेलं नाव दुसऱ्याच दिवशी खोटं ठरतं.

राहिला प्रश्न किती दिवस जपायचं याचा. सीईआरटी-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार माहिती-तंत्रज्ञान प्रणालींचे लॉग सतत १८० दिवसांचे जपावे लागतात, आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवावी लागतात. दुसऱ्या अटीकडे लोक दुर्लक्ष करतात. दोन सर्व्हरच्या घड्याळांत फरक असेल तर दोन लॉग शेजारी ठेवून आधी काय घडलं आणि नंतर काय, हे सांगताच येत नाही. पहिल्या अटीचं तर हातात आलेल्या कॉन्फिगरेशनशी थेट भांडण आहे. लॉगरोटेटच्या मुख्य फाइलीत बहुतेक लिनक्सवर ‘वीकली’ आणि ‘रोटेट ४’ असं लिहून येतं. म्हणजे चार जुने आठवडे ठेवायचे आणि त्यामागचं पुसायचं. चार आठवडे म्हणजे अठ्ठावीस दिवस.

तुमच्या ताब्यात एखादा सर्व्हर असेल तर लॉगरोटेट डीबग पर्यायासह चालवून पाहा. त्यात काही बदलत नाही. तो काय करणार आहे एवढंच दाखवतो. तिथे ‘४ रोटेशन्स’ दिसलं, आणि जुने लॉग तुम्ही दुसरीकडे कुठे साठवत नसाल, तर रोजची कापणी लावून तो आकडा १८० च्या वर न्या. डिस्कला ते झेपेल का, हे त्याच बैठकीत तपासा, आणि कापायची वेळ ठरवण्याआधी ते सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा की तुमचा दिवस कधी संपतो.