दिवसाला एकच गाडी

२०२५ च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. ब्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक नेहमीच्या तपासणीसाठी माझ्या दवाखान्यात आले. गावात सारे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. रक्तदाब मोजून होताच त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि नातवाने लंडनहून पाठवलेली चित्रफीत माझ्यासमोर धरली.

लंडन शहराच्या पोटात ऑल्डविच नावाचे एक भुयारी रेल्वेस्थानक आहे. १९०७ मध्ये ते सुरू झाले आणि ३० सप्टेंबर १९९४ रोजी प्रवाशांसाठी बंद झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश म्युझियममधील मौल्यवान शिल्पे त्याच्या बोगद्यात सुरक्षित ठेवली होती. आता तेथील परिवहन संग्रहालय लोकांना तिकीट लावून हे स्थानक दाखवते. गुरुजींचा नातू त्या फलाटावर उभा राहून आजोबांना जुने रूळ दाखवत होता.

अशा रेल्वेवेड्यांचे जगभर एक वेगळे कुटुंबच आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०४ साली उघडलेले सिटी हॉल नावाचे कमानदार भुयारी स्थानक १९४५ च्या अखेरीस बंद झाले. मात्र सहा क्रमांकाची गाडी शेवटचा थांबा घेतल्यावर त्याच वळणावरून परत फिरते. म्हणून काही प्रवासी मुद्दाम गाडीतच बसून राहतात आणि काचेला नाक लावून ते अंधारे स्थानक पाहतात. त्यांना कोठेही पोहोचायचे नसते. ज्या रुळांवरून सहसा कोणी जात नाही, त्यांवरून एकदा जाऊन यायचे, एवढाच त्यांचा हेतू असतो.

चित्रफीत संपली. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, पोरगं बंद पडलेले रूळ बघायला जमिनीखाली उतरलं. आपल्या बीडला नवे रूळ आले, गाडी आली, आणि मी अजून बसलो नाही. मला एकदा बसायचंय."

शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलाने मला डोळ्यांनीच खुणावले, नाही म्हणा. गुरुजींच्या हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेली. पायांवर सूज येते, रोज सकाळी लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असते, हाती काठी असते. 'नाही' म्हणणे सोपे होते. शब्द ओठांवर आलाही होता. तो मी गिळला, त्याचे कारण आपल्याला सांगितले पाहिजे.

अण्णांची फाइल

माझे वडील, अण्णा, तहसील कार्यालयातून निवृत्त झाले. त्यांच्या पेटीत 'रेल्वे' असे लिहिलेली एक जाड फाइल होती. अहमदनगर–बीड–परळी या सुमारे २६१ किलोमीटरच्या मार्गाविषयी वर्तमानपत्रांत जे जे छापून येई, ते ते अण्णा कापून त्यात लावत. परळी वैजनाथ आणि घाटनांदूर ही स्थानके असल्यामुळे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्याला रेल्वे ठाऊक होती. पण जिल्ह्याचे ठाणे असलेल्या बीडला ती नव्हती. केशरकाकू क्षीरसागरांनी, पुढे गोपीनाथ मुंड्यांनी या मागणीचा पाठपुरावा केला. १९९५ च्या सुमारास मार्गाला मंजुरी मिळाली. त्यानंतर वर्षे जात राहिली, खर्चाचे आकडे वाढत राहिले, फाइल जाड होत गेली.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते न्यू आष्टी या ६६ किलोमीटरच्या टप्प्यावर पहिली प्रवासी गाडी धावली. त्या रात्री अण्णा म्हणाले, "आपण आष्टीपर्यंत मोटारीने जाऊ, तिथून गाडीत बसून नगरला उतरू. संध्याकाळी परत." तेव्हा ते शहाऐंशी वर्षांचे होते, गुडघे झिजलेले, दम्याचा जुना त्रास. मी म्हणालो, "पाऊस सरू द्या." मग थंडी सरू द्या म्हणालो, मग ऊन उतरू द्या. प्रत्येक वेळी माझे कारण वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक होते. २०२४ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, पहिली प्रवासी गाडी बीडहून निघाली, तेव्हा मी गर्दीत उभा होतो आणि माझ्याजवळ ती फाइल होती.

वृद्धांच्या बाबतीत 'बरे वाटल्यावर जाऊ' हे वाक्य आपण किती सहज बोलतो! पण काही आजार बरे होणारे नसतात, ते केवळ सांभाळायचे असतात. तेथे 'बरे वाटल्यावर' याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो, आणि समोरच्या वृद्धाला तो आपल्याआधी कळलेला असतो. गुरुजींना मी म्हणालो, "जाऊ. पण तयारी माझ्या पद्धतीने."

निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट ठरवली ती अंतराची. नगरपर्यंतचा प्रवास साधारण साडेपाच तासांचा. तेवढा वेळ बसणे गुरुजींना झेपणारे नव्हते. म्हणून बीडहून अमळनेरपर्यंतच रेल्वेने जायचे आणि मुलाने मोटार घेऊन अमळनेरला थांबायचे, असे ठरले. हौसेच्या प्रवासाचा हा मोठा फायदा आहे. कोठे पोहोचायचेच नसेल, तर तो हवा तेथे संपवता येतो.

दुसरी गोष्ट औषधांची. लघवीची गोळी त्या दिवसापुरती घरी परतल्यावर घ्यायची, हे मी त्यांची प्रकृती पाहून ठरवले. आपण अशी वेळ परस्पर बदलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्या गोळ्या, खायला गूळ-शेंगदाणे, आणि खिशात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक, आजार आणि चालू औषधे. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या खिशात तर ही चिठ्ठी असलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट मी विसरलो, ती पुढे सांगतो.

माळरानावरून

दिवाळीनंतरच्या एका दुपारी आम्ही बीडच्या स्थानकावर पोहोचलो. गाडी सकाळी नगरहून निघते, बीडला येते आणि दुपारी परत फिरते. रविवार सोडून रोज अशी एकच फेरी. बाकी वेळ ते नवेकोरे रूळ उन्हात पडून असतात. फलाटावर कामाने निघालेले लोक होतेच. पण नातवाला खांद्यावर घेतलेले आजोबा, नऊवारी नेसलेल्या तिघी-चौघी मैत्रिणी, नुसती गाडी पाहायला आलेले शेतकरी, असेही पुष्कळ होते. न्यूयॉर्कच्या त्या वळणावर बसून राहणारे प्रवासी आणि ही मंडळी एकाच कुळातली, असे मला वाटले.

गाडीचा भोंगा ऐकू आला आणि गुरुजी बाकावरून झटकन उठले. उठले आणि डोलले. मी त्यांना धरून खाली बसवले. नाडी जलद, जीभ कोरडी. विचारल्यावर त्यांनी खाली पाहत कबूल केले, "सकाळपासून पाणी घेतलं नाही. गाडीत लघवी लागली तर पंचाईत."

हीच ती विसरलेली गोष्ट. प्रवासाच्या दिवशी वृद्ध माणसे गुपचूप पाणी बंद करतात. विशेषतः आपल्या आया-आज्या हे जन्मभर करत आलेल्या आहेत. वयाबरोबर तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात पाणी तोडले आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या, की उठताच रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस पडतो. अशा एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते. म्हणून पाण्याविषयी आपणच आधी बोलावे: "स्वच्छतागृह कोठे आहे ते मी पाहून ठेवले आहे, लागले तर मी बरोबर येईन." हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारात पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते, ते तेवढे घोटाघोटाने द्यावे. आणि उठताना आधी सरळ बसावे, पावले वर-खाली हलवावीत, आधार धरून उभे राहावे, दहापर्यंत मोजावे, मग चालावे.

गुरुजींनी पाणी घेतले, त्यांना हुशारी आली. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून घाई करावी लागली नाही. चढताना डब्याची पायरी त्यांना उंच वाटली. गुडघेदुखी असलेल्यांनी चढताना बरा पाय आधी टाकावा आणि उतरताना दुखरा. आधार देणाऱ्याने चढताना मागे आणि उतरताना पुढे उभे राहावे. आम्ही गाडीच्या दिशेला तोंड करून खिडकीशी बसलो. त्याने मळमळ आणि गरगर कमी होते.

गाडी निघाली. डावी-उजवीकडे बालाघाटाचे माळ, मधेच ज्वारीची कोवळी पाती, सप्टेंबरच्या अतिवृष्टीने खरवडून नेलेली शेते. एका बांधाशी ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांची ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली उभी होती. गाठोडी, पत्रे, शेळ्या, लेकरे. ती लेकरे आमच्या गाडीला हात करत होती. राजुरी आले तसे गुरुजींनी तेथील नवगणपतीला बसल्या जागेवरूनच हात जोडले. रायमोह्याला समोरच्या बाकावरील एका आजीबाईंनी टोपलीतले सीताफळ पुढे केले. मधुमेह नाही म्हणून मी गुरुजींना अर्धे खाऊ दिले. स्वतःला मात्र नाकारले, माझी साखर आजकाल वर असते.

दर अर्ध्या तासाने मी त्यांना पावले वर-खाली, गोलाकार फिरवायला सांगत होतो. बराच वेळ पाय लोंबकळत बसल्याने शिरांत रक्त साकळते, सूज चढते, क्वचित गाठही होते. पोटरीचे स्नायू हलले की ते रक्त वर ढकलतात. नेहमीपेक्षा निराळी, एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

अंधारातला हात

"बोगदा नाही का लागत?" गुरुजींनी विचारले. नातवाचे भुयार त्यांच्या मनात घर करून होते. मी म्हणालो, "बोगदे हवेत तर पुण्याच्या पुढे, खंडाळ्याला जावं लागेल." त्यावर ते बराच वेळ बाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "लग्न झालं त्या वर्षी गेलो होतो. ती गाडीत पहिल्यांदाच बसली होती. बोगद्यात अंधार झाला तसा तिनं हात जो धरला, तो कल्याणपर्यंत सोडला नाही." गुरुजींच्या पत्नी जाऊन नऊ वर्षे झाली.

आपल्यापैकी कोणी पुढे खरोखरच बोगद्यांच्या मार्गाने जाणार असेल, तर थोडे सांगतो. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाट, १९१६ चा सुमारे १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा, कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, हे सारे पाहण्यासारखेच आहेत. मात्र वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते आणि अंधाराला सरावायला डोळ्याला अधिक वेळ लागतो. म्हणून बोगदे असलेल्या टप्प्यात वृद्धांनी डब्यात चालू नये, बसून राहावे. बाहेर पडताना उजेड एकदम डोळ्यांवर येतो, तेव्हा क्षणभर डोळे मिटावेत. लांब बोगद्यात कानात दडे बसल्यासारखे वाटले, तर आवंढा गिळावा किंवा जांभई द्यावी. श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी फवारा हाताशी ठेवावा. बंदिस्त अंधारात काहींचा जीव घाबरतो, विस्मरण असलेल्यांना आपण कोठे आहोत हे कळेनासे होते. त्यावर औषध एकच. शेजारी बसून हात धरावा आणि शांतपणे सांगत राहावे, "बोगदा आहे, आता संपेल."

अमळनेरला गाडी थांबली. गुरुजी आधी बसूनच पावले हलवत होते, दहापर्यंत मोजत होते. मुलगा फलाटावर उभा होता. वडील उतरून काठी टेकत त्याच्याकडे चालत गेले, तेव्हा त्याने त्यांच्याऐवजी माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. परतीच्या वाटेवर गुरुजी मोटारीत गाढ झोपले. घरी पायांची सूज तपासली, गोळी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांना थकवा होता, तो विश्रांतीने गेला. इतकी किंमत त्यांनी आनंदाने दिली.

प्रत्येक वृद्धाने प्रवास करावाच, असे मी म्हणणार नाही. छातीत नव्याने दुखत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, ताप असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर थांबलेच पाहिजे. परंतु थांबवताना कारण सांगावे, आणि 'पुढे केव्हातरी' असे न म्हणता पुन्हा विचार करण्याची तारीख ठरवावी. पूर्ण प्रवास झेपत नसेल तर अर्धा करावा, तोही झेपत नसेल तर स्थानकावर जाऊन गाडी पाहून यावे. निघण्याआधी रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर वेळ विचारून घ्यावी. दिवसाला एकच गाडी असली म्हणजे चुकलेली गाडी उद्यावर जाते.

अण्णांच्या फाइलीतले शेवटचे कात्रण २०२२ चे होते. त्यापुढचे कोरे पान मी कितीतरी दिवस तसेच ठेवले होते. गुरुजींना विचारून आमची बीड ते अमळनेरची तिकिटे मी त्या पानावर चिकटवली आहेत. आज संध्याकाळी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा, त्यांना कोठे जावेसे वाटते.