आवाज गेल्यानंतर

जयपूरच्या दक्षिणेला, टोंक जिल्ह्यात, उणियारा नावाचे एक गाव आहे. संस्थानी काळात ते जयपूर राज्याच्या छायेखालचे एक लहानसे ठिकाण होते. तेथील राजाच्या पदरी ख्वाजा अहमदखाँ नावाचे गवई होते. त्यांचे घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या धृपद गाणारे. घरात विद्या होती, मानमरातब होता. पण अपत्ये जगत नव्हती. अशा घरात १० ऑगस्ट १८५५ रोजी एक मुलगा जन्मला आणि तो जगला. त्याचे नाव गुलाम अहमद ठेवले गेले. परंतु अल्लाने दिलेला म्हणून घरची माणसे त्याला ‘अल्लादिया’ म्हणत, आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानाने त्याला याच नावाने ओळखले.

अल्लादिया कुमारवयात असतानाच वडील वारले. त्या काळी गवयाच्या मुलाचे वडील जाणे म्हणजे केवळ घराचा आधार जाणे नव्हे. वडील हेच गुरू, आणि त्यांच्या मुखातली विद्या हीच मुलाची इस्टेट. चिजा वहीत लिहिलेल्या नसत. त्या माणसाबरोबर जात. सुदैवाने चुलते जहांगीरखाँ जयपुरात होते. त्यांनी पुतण्याला जवळ केले आणि त्याच्या तालमीची सारी जबाबदारी उचलली. आधी काही वर्षे केवळ धृपद, आणि मग ख्याल. पाठांतर इतके, की आजच्या विद्यार्थ्याला ते खरे वाटणार नाही.

जयपूर हे त्या वेळी गाणे शिकण्यासाठी फार भाग्याचे शहर होते. महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांना कलांचे मोठे वेड होते. स्वतः छायाचित्रे काढणारा हा राजा. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या स्वागतासाठी शहराला गुलाबी रंग दिला गेला तो याच्याच कारकिर्दीत. दरबारची ‘छत्तीस कारखाने’ म्हणून खाती होती. त्यांतले एक खाते गुणीजनखाना. शस्त्रागार आणि तबेला यांच्याप्रमाणे गवई आणि वादक यांचाही तेथे हिशेब ठेवला जाई व पगार दिला जाई. बहरामखाँ यांच्यासारखे धृपदिये, रजबअलीखाँ यांच्यासारखे बीनकार, अमृतसेन यांच्यासारखे सतारिये या शहरात होते. आणि मुबारकअलीखाँ होते, ज्यांच्या वळणावळणाच्या ताना ऐकून तरुण अल्लादिया भारावून गेला. हे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे.

तालीम पुरी झाली तेव्हा अल्लादियाखाँ यांचा गळा सुरेल, हलका आणि हवा तसा फिरणारा होता, असे सांगतात. १८८० मध्ये महाराजा रामसिंह निवर्तले. तरुण गवई दरबारोदरबारी फिरू लागले होते. त्या भटकंतीत ते आमलेटा नावाच्या एका लहान संस्थानात काही काळ राहिले. तेथील अधिपतीला गाण्याचा अतोनात शौक होता. गाणे सुरू झाले की ते तासन्‌तास चाले. दिवस सरे, रात्र सरे, आणि पुन्हा फर्माईश होई. आश्रयदात्याला ‘आता पुरे’ म्हणण्याची सोय गवयाला नसते. खरे तर तरुण गवयाला तसे म्हणावेसेही वाटत नाही. आपले गाणे एखाद्याला इतके आवडते याहून मोठे सुख त्याला कोणते? पण गळा हा शेवटी शरीराचा भाग. स्वरतंतू म्हणजे स्नायूंच्या आणि नाजूक त्वचेच्या दोन लहानशा घड्या. त्यांना विसावा मिळाला नाही तर त्या सुजतात, आणि आवाज घोगरा होतो. एक दिवस अल्लादियाखाँ यांचा आवाज गेला.

तो दोन-चार दिवसांत परतला नाही. सुमारे दोन वर्षे हा गवई गाण्याला मुकला होता.

त्या दोन वर्षांत त्यांच्या मनाने काय सोसले असेल याची कल्पनाच करावी लागते. सुताराचा हात दुखावला तर घरातले दुसरे कोणी रंधा धरू शकते. गवयाचा गळा कोणी उसना देत नाही. दरबारात ‘फलाणे खाँसाहेब आता गात नाहीत’ ही वार्ता पसरायला वेळ लागत नाही, आणि संसार तर पाठीशी असतोच. मग आवाज हळूहळू परत येऊ लागला. पण तो पूर्वीचा आवाज नव्हता. तो जड होता, काहीसा खरबरीत होता, पूर्वीसारखा सहज वळत नव्हता. पहिली हानी एकदाच झाली होती. ही दुसरी मात्र रोज, प्रत्येक स्वराला जाणवणारी होती.

येथे त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. जुने गाणे नव्या गळ्यातून कसेबसे काढीत राहायचे, आणि ऐकणाऱ्याने ‘पूर्वी काय गात असत!’ म्हणून हळहळायचे, ही एक. खाँसाहेबांनी ती धरली नाही. नव्या गळ्याला काय साधते आणि काय साधत नाही, हे त्यांनी पारखून घेतले आणि त्याप्रमाणे गाण्याची मांडणीच बदलली.

गाण्याशी परिचय नसलेल्या वाचकासाठी हा बदल थोडा उलगडून सांगायला हवा. ख्याल गाताना स्वरांची जी जलद मालिका घेतात तिला तान म्हणतात. सरळ, सपाट तान ही उतारावरून धावत सुटल्यासारखी असते. तिला वेगवान, मोकळा गळा लागतो. अल्लादियाखाँ यांची तान घाटातल्या रस्त्यासारखी झाली. ती वर जाते आहे असे वाटते तोच मागे वळते, एक स्वर ओलांडून पुढच्यावर जाते, पुन्हा जरा खाली येते, आणि भलत्याच बाजूने शिखर गाठते. तिचे तेज केवळ वेगात नसते. पुढचे वळण कोठे येणार हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ते आले की ‘दुसरे वळण येथे असणेच शक्य नव्हते’ असे वाटते.

तालाशी असलेले नातेही बदलले. अनेक गवई संथ लयीत तालाला जणू मागे बसवून स्वरांचा विस्तार करतात आणि समेवर येऊन त्याला भेटतात. या गायकीत तसे चालत नाही. प्रत्येक मात्रेचे लहान लहान भाग गवयाच्या मनात चालू असतात आणि स्वर त्यांना धरूनच पुढे सरकतो. लय मध्यम ठेवायची, ‘आ’काराचा उच्चार खुला ठेवायचा, दम मोठा ठेवायचा. यांत गळ्याच्या जन्मजात गोडव्यापेक्षा बुद्धीचे आणि श्वासाचे काम अधिक. रागही त्यांनी सोपे निवडले नाहीत. संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खट, बिहागडा, नट कामोद असे अनवट किंवा दोन रागांच्या मिलाफातून झालेले राग त्यांनी आपल्या गायकीत आणले. वडिलांकडून आणि चुलत्यांकडून आलेला पाठांतराचा साठा त्यांच्या कामी आला. गळा गेला होता तरी ते भांडार शाबूत होते.

आवाज गेला नसता तर ही गायकी जन्मलीच नसती, असे काही जण ठामपणे म्हणतात. ते पूर्ण पटत नाही. जयपुरात ऐकलेल्या मुबारकअलीखाँ यांच्या ताना कानात होत्याच, आणि धृपदाचा पक्का पायाही होता. दुखावलेल्या गळ्याने ते सारे निर्माण केले नाही. त्याने फक्त निवड करायला भाग पाडले. आणि घसा तर अनेकांचा बसतो. त्यातून घराणे क्वचितच उभे राहते.

पुढे १८९५ च्या सुमारास कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी आश्रय दिला, आणि जयपूरचे हे गाणे मराठी मुलखात रुजले. भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे, पुढे केसरबाई केरकर अशी माणसे त्यांच्याकडे शिकली. टेंबे यांनी तर त्यांच्याविषयी मराठीत लिहूनही ठेवले. १९२२ मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि खाँसाहेब मुंबईला आले. घराण्याच्या नावात आजही जयपूर आणि अत्रौली ही गावे आहेत. पण त्याची जोपासना झाली ती पंचगंगेच्या काठी आणि मुंबईच्या चाळींत.

मुंबईला येण्यापूर्वीची एक हकीकत. खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला राहिले होते. तेथे एका घरातून कोवळ्या मुलीचे गाणे ऐकू येई आणि ते थबकत. ती होती गोव्यातील कुर्डी गावची मोगू. १९१४ मध्ये, ती दहा वर्षांची असताना, आई गेली. तिने नाटक मंडळ्यांत कामे करून पोट भरले, आणि तेही सुटले होते. खाँसाहेबांनी तिला आपण होऊन शिकवायला आरंभ केला. आपल्याला शिकवणारे हे गृहस्थ कोण, हे त्या मुलीला आधी ठाऊकच नव्हते! पुढे खाँसाहेब मुंबईला गेले, तशी तीही गेली. पण ऐपतदार शिष्यांच्या अटी आड आल्या आणि तालीम थांबली. काही काळ खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदरखाँ यांनी तिला शिकवले, तेही सुटले. अखेर १९३४ मध्ये स्वतः अल्लादियाखाँ यांनी मोगूबाईंना गंडा बांधला. पाच वर्षांनी, १९३९ मध्ये, पती माधवदास भाटिया यांचे निधन झाले. पदरात तीन लहान मुले. मोगूबाई मैफली करीत, शिकवण्या करीत, आणि आपल्या मुलीला घरी समोर बसवून एकेक ओळ पुनःपुन्हा घोटून घेत.

खाँसाहेबांनाही म्हातारपणी मोठा घाव सोसावा लागला. त्यांचे पुत्र मंजीखाँ हे गाणे घेऊन पुढे चालले होते. वडिलांच्या बिकट गायकीला त्यांनी आपला गोडवा दिला होता. १९३७ मध्ये ते गेले. वडील तेव्हा ऐंशी ओलांडलेले होते. मंजीखाँ यांच्याकडे शिकत असलेला धारवाडकडचा एक तरुण त्यामुळे पोरका झाला. धाकटे पुत्र भुर्जीखाँ यांनी त्याला पुढची तालीम दिली. तो तरुण म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर. अल्लादियाखाँ शेवटच्या वर्षांत आपले नातू अजीजुद्दीनखाँ यांना आपल्या आठवणी उर्दूत सांगत, आणि नातू त्या उतरवून घेई. १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या त्यांच्या हयातीतच घरोघरी पोहोचल्या होत्या. त्यांनी मात्र आपले गाणे तबकडीवर दिले नाही. त्यामुळे तरुणपणीचा तो सुरेल गळाही आज कोणाला ऐकता येत नाही, आणि नंतर कष्टाने कमावलेला तो जड आवाजही नाही. जे ऐकू येते ते शिष्यांच्या गळ्यातून. १९७७ मध्ये अमेरिकेने अंतराळात पाठवलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील निवडक संगीताची एकेक तबकडी आहे. तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. यान निघाले त्याच वर्षी केसरबाई गेल्या.

मोगूबाई ज्या मुलीला समोर बसवून शिकवीत ती मुलगी म्हणजे किशोरी आमोणकर. जन्म १० एप्रिल १९३२. पंचविशीच्या सुमारास, नावलौकिक नुकता कोठे होऊ लागला असताना, त्यांचाही आवाज गेला. योगायोग विलक्षण आहे. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत येईपर्यंत बराच काळ लोटला. गाता येत नव्हते, तेव्हा त्या गाण्याविषयी विचार करीत राहिल्या. रागाचा भाव म्हणजे काय, स्वर लावताना त्याला हा भाव कसा चिकटतो, याचा शोध त्यांनी मूकपणे घेतला. पुन्हा गाऊ लागल्या तेव्हा त्यांच्या गाण्यात आईने घोटून घेतलेली ती घाटवळणे होती. पण लय अनेकदा सैलावलेली होती, आलाप लांबला होता, स्वरावर रेंगाळणे वाढले होते. घराण्याच्या काही जुन्या श्रोत्यांना हे मुळीच रुचले नाही. ही जयपूरची शिस्त नव्हे, असे ते म्हणत. त्यांचे म्हणणे चूकही नव्हते. मात्र या शिस्तीचा मूळ पुरुष स्वतःच, आमलेट्याच्या दरबारात गळा गेल्यानंतर, उणियाऱ्याला वडिलांकडून ऐकलेले गाणे जसेच्या तसे गायला नव्हता.